सही आईची, रुकार राधिकाचा

"सर, म्या बिस्किटं खाल्ल्यात."

ऑपरेशनच्या टेबलावर बसलेली राधिका हे इतक्या शांतपणे म्हणाली की आधी मला वाटलं, ती दुसऱ्याच कुणाबद्दल सांगते आहे. माझ्या हातात भुलीचा मास्क होता. तो मी खाली ठेवला.

"कधी?"

"मघाशी."

"किती?"

"पुडा."

"आख्खा?"

तिनं जरा विचार केला. "दोन ऱ्हायलेत," ती म्हणाली.

मी भूलतज्ज्ञ आहे. धाराशिवला राहतो. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. ज्यांच्याकडे ऑपरेशन असेल ते फोन करतात आणि मी बॅग घेऊन जातो. लोक आम्हाला 'भुलीचे डॉक्टर' म्हणतात. नाव फारसं कुणाला माहीत नसतं, कारण आमची ओळख होते न होते तोच माणूस झोपलेला असतो.

त्या आठवड्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात भाजलेल्या रुग्णांसाठी शिबिर होतं. पुण्याहून डॉ. नाईक नावाचे प्लास्टिक सर्जन आले होते. शिबिराचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी त्यांना परत निघायचं होतं, आणि पुढचं शिबिर झालंच तर पुढच्या वर्षी.

राधिका येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवरची. सहावीतली, अंगानं लहानखुरी. रांगत असताना तिचा उजवा हात चुलीतल्या निखाऱ्यांवर पडला होता. भाजलेली कातडी बरी होताना आकसते आणि जवळ जे असेल ते ओढून घेते. तिची चार बोटं अशी तळहाताकडे ओढली गेली होती. फक्त अंगठा मोकळा होता. डॉक्टरी भाषेत याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. ऑपरेशनमध्ये ती आकसलेली कातडी सोडवायची, बोटं सरळ करायची आणि मांडीवरची पातळ कातडी काढून तिथं लावायची. बोटं सरळ राहावीत म्हणून काही आठवडे आत बारीक तारा असतात. हाडं वाढायची थांबण्याआधी हे केलेलं बरं. वय गेलं की सांधेही आखडतात आणि मग सर्जनच्या हातात फार उरत नाही.

आता बिस्किटांचं. भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं. झोपेत गिळण्याचं भान जातं, पोटातलं वर येतं आणि श्वासाच्या वाटेनं फुप्फुसात उतरू शकतं. त्यानं माणूस जाऊ शकतो. म्हणून रुग्णाच्या खाटेला 'एनबीएम' अशी पाटी लावतात. निल बाय माउथ, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. लहान मुलांना फार वेळ उपाशी ठेवू नये म्हणून त्यांचा नंबर पहिला लावतात. राधिका त्या दिवशीच्या यादीत पहिली होती.

हे सगळं आदल्या संध्याकाळी मीच तिला समजावून सांगितलं होतं. दुधानं भरलेली पिशवी आडवी ठेवली तर काय होतं, असं उदाहरण देऊन. सांगताना मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं. तिनं एकच प्रश्न विचारला होता.

"आन् खाल्लं तर?"

"तर ऑपरेशन होत नाही बाळा."

तिनं मान हलवली होती. किती हुशार मुलगी, असं मी तिच्या आईला म्हणालो होतो.

आईला थिएटरच्या दारापर्यंत बोलावलं. ती लगेच म्हणाली, "न्हाय ओ सर, काय खाल्लं न्हाय तिनं. रातीपास्नं म्या डोळ्याला डोळा लावला न्हाय. येडाई देवीची आन." मग लेकीकडे वळून, "पुडा कुठनं आला गं?"

"शेजारच्या काकीनं दिला."

शेजारच्या खाटेवरची काकी सकाळीच डिस्चार्ज घेऊन भूमच्या एसटीनं गेली होती. साक्षीदार निवडावा तर असा.

डॉ. नाईक हात धुऊन, कोपरं वर धरून उभे होते. ते माझ्या जवळ येऊन इंग्रजीत म्हणाले की मुलगी सरळ सरळ खोटं बोलते आहे. मी म्हणालो, असेल. ते म्हणाले, आई शपथ घेते आहे, कन्सेंटवर तिची सही झालेली आहे, मुलगी अल्पवयीन आहे, आणि हे तिच्याच भल्याचं आहे. यातलं एकही वाक्य चूक नव्हतं.

"घाबरलीय. मास्क लावा, दोन मिनिटांत झोपेल. उठेल तेव्हा हात सरळ झालेला असेल. आयुष्यभर आपलं नाव घेईल."

"आणि खरंच खाल्लं असेल तर?"

"तुम्हाला वाटतं खाल्लंय?"

"नाही," मी म्हणालो. "मला वाटतं, ती नाही म्हणतेय."

ते म्हणाले, "तुम्ही भुलीचे डॉक्टर आहात की मनाचे?"

इथं मला दोन इंग्रजी शब्द सांगायला हवेत. कन्सेंट आणि असेंट. बोलताना दोन्ही इतके जवळचे वाटतात की आमच्यातलेही पुष्कळ जण एकाच्या जागी दुसरा वापरतात. मराठीत तर दोन्हींना आपण संमतीच म्हणतो. मीही बरीच वर्षं तेच समजत होतो. फरक कळला तो सोलापुरातल्या एका कार्यशाळेत. दुपारच्या जेवणानंतरचं व्याख्यान होतं आणि कुणी भूल न देताच अर्धं सभागृह झोपलं होतं. वक्त्या बाईंनी सांगितलं ते असं. कन्सेंट म्हणजे ज्याला कायद्यानं अधिकार आहे त्यानं सगळं समजून घेऊन दिलेली परवानगी. लहान मुलाच्या बाबतीत ती आईवडील देतात. असेंट म्हणजे ज्याला तो अधिकार नाही, पण अंग ज्याचं आहे, त्या लेकराचा रुकार. पहिल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही. दुसऱ्याशिवाय येतं, रोज येतं. म्हणूनच तो आठवणीनं घ्यायचा असतो.

मला ते पटलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला विचारत होतो. राधिकालाही विचारलं होतं. पण कसं, ते सांगतो. खाटेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला डॉ. नाईक, पायथ्याशी कांबळे सिस्टर, आणि मी उभा, गळ्यात स्टेथोस्कोप. "काय राधिका, करायचं ना ऑपरेशन?" मी विचारलं. आई म्हणाली, "सरांना सांग, व्हय म्हनून." राधिकानं मान हलवली. मी 'असेंट घेतली' असं लिहून पुढच्या खाटेकडे गेलो.

आपल्याकडच्या मुलींना ती मान हलवणं फार लहानपणी शिकवलेलं असतं. पाहुण्यांनी विचारलं, शाळा आवडते का, की हलते. माझी मुलगी दहावीनंतर लातूरच्या क्लासला गेली, तेव्हा तिनंही अशीच मान हलवली होती. आम्ही पेढे वाटले होते. ती आता तिसऱ्यांदा मेडिकलची प्रवेशपरीक्षा देते आहे. बायको म्हणते, तुम्हाला उगाच अपराधी वाटून घ्यायची सवय आहे. असेलही. पण त्या सकाळी थिएटरच्या दिव्याखाली, पाय खाली सोडून बसलेल्या राधिकाकडे बघताना मला दुसरं काही आठवत नव्हतं.

आणखी एक कबूल करतो. रडणाऱ्या मुलांना चौघांनी धरायचं आणि मी मास्क दाबायचा, हे मी शेकडो वेळा केलंय. त्यातलं बरंचसं आवश्यक होतं. सगळं नव्हतं. यादी लांबत होती म्हणूनही केलंय. राधिका रडत नव्हती, हातपाय झाडत नव्हती. घरात, गावात, हॉस्पिटलात तिला नाही म्हणायला कुठंच जागा नव्हती. मी सांगितलेल्या एका नियमात ती तिला सापडली होती.

मी डॉ. नाईकांना म्हणालो, "तिनं खाल्लं म्हणून सांगितलंय. मी ऐकलंय. आता सहा तास मी हिला भूल देणार नाही. शेवटचा नंबर लावा."

"आणि सहा तासांनी ती म्हणाली, वडापाव खाल्ला?"

"तर तुम्ही पुण्याला जा."

ते मास्कमागे काहीतरी पुटपुटले. पण दुसरा रुग्ण घ्या, असं त्यांनीच सिस्टरना सांगितलं. माणूस चांगला होता. फक्त त्याला संध्याकाळी गाडी गाठायची होती.

दोन ऑपरेशनच्या मध्ये टेबल पुसेपर्यंत मला थोडा वेळ मिळायचा. पहिल्या वेळी मी वॉर्डात गेलो तेव्हा राधिका खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि आई तिला हळू आवाजात टाकून बोलत होती. एवढे डॉक्टर पुण्याहून आले, लोकांना नंबर लागत नाहीत, तुझं नशीब म्हणून लागला, उद्या लग्नाला कोण विचारणार. मी आईला चहा घेऊन या म्हणालो. ती हलेना. मग कांबळे सिस्टर तिला हाताला धरून घेऊन गेल्या.

मी स्टूल ओढून बसलो. पहिल्यांदा तिचं आणि माझं तोंड एका पातळीवर आलं.

मला वाटलं, दुखण्याची भीती. म्हणून मी दुखण्याबद्दल सांगितलं. मग तारांबद्दल सांगितलं. मांडीवरची कातडी कशी पातळ काढतात, तिथं पुन्हा कशी येते, तेही सांगितलं. ती ऐकत होती, पण जसं वर्गात ऐकतात तसं. शेवटी माझं सांगणं संपलं. मग मी गप्प बसलो. हे मला आधी सुचायला हवं होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "हात किती दिस बांधून ठिवनार?"

"महिनाभर तरी. जास्तही. मग रात्री पट्टी लावून झोपायचं."

"आन् मंग बोटं सरळ."

"बरीचशी सरळ."

"पुन्ना वाकडी न्हाय होनार?"

"होऊ नयेत म्हणूनच तर करायचं," मी म्हणालो, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की मी चुकीच्या बाजूनं उत्तर दिलं होतं.

तिनं उजवा हात माझ्यापुढं धरला. त्या आकसलेल्या चार बोटांचा एक आकडा झाला होता. त्या आकड्यात तिनं डाव्या हाताचं एक बोट अडकवलं आणि ओढून दाखवलं. सुटलं नाही.

"आज्जाला दिसत न्हाय," ती म्हणाली. "त्ये ह्यात बोट घालत्यात. मंगळवारी आमी येडाईला जातो. लई पायऱ्या हायत्या. गर्दीत बी हात सुटत न्हाय. आज्जा ह्येला कडी म्हनत्यात." मग खाली बघून, "बोटं सरळ झाल्यावर कडी कुठं ऱ्हाती?"

त्या हाताच्या केसपेपरवर आम्ही पान भरून लिहिलं होतं. मूठ उघडत नाही, पेन धरता येत नाही, भाकरी मोडता येत नाही. त्या हाताला काय येतं, हा रकानाच नव्हता.

तेवढ्यात आई आली. मी तिला सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग तिला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. "आगं येडे," ती म्हणाली, "मामांनीच तर लावून धरलंय आपरेशनचं. तुझा बाप नगं म्हनत हुता."

मामा म्हणजे तिचे सासरे, राधिकाचे आज्जा. हे राधिकाला कुणी सांगितलंच नव्हतं. लहान मुलांना काय सांगायचं.

मी म्हणालो, फोन लावा. आईनं लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून शेळ्यांचा आवाज आला, मग म्हाताऱ्याचा.

"झालं का?"

"न्हाय मामा. पोरगी अडून बसलीय. तिच्याशी बोला."

"काय झालं माय?"

राधिका एका दमात म्हणाली, "आज्जा, लई दिस हात बांधून ठिवनारेत. मंग कडी बी ऱ्हानार न्हाय. तुमाला धरायचं कुनी?"

पलीकडं शेळ्या ओरडल्या.

"तू मला धरतीस व्हय गं?" आज्जा म्हणाले. "आन् म्या इतके दिस समजत हुतो, म्याच तुला धरतोय."

राधिका हसली. नाकातून, नको असताना येतं तसं.

"दुसरा हात हाय न्हवं तुला? का त्यो बी डाक्टरला देऊन आलीस?"

"हाय."

"मंग त्यो धरू. त्यो बी नसंल तर खांद्यावर हात ठिवीन. चालायचं काय, कसं बी चालता येतं." मग आवाज जरा खाली आला. "पर ऐक. तुला नसंल करायचं, तर नगं करू. घरी ये. कुनी बोलनार न्हाय तुला. म्या हाय."

आईनं झटकन फोनकडे हात नेला. मी तिला थांबवलं. खरं सांगायचं तर आता ती घरी जाईल, असं मलाही वाटलं. इतक्या सगळ्या माणसांत, मी धरून, हे वाक्य तिला कुणीच म्हटलं नव्हतं. तू नाही म्हणालीस तरी चालेल. मी सहा तास मागून घेतले होते, तेही पोटाच्या नावानं. सरळ असं म्हणायचं धाडस मला झालं नव्हतं.

"बरं," राधिका म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.

तिच्या 'बरं'चा अर्थ मी विचारला नाही. सिस्टर बोलवायला आल्या होत्या. मी पुढच्या ऑपरेशनला गेलो.

ते ऑपरेशन लांबलं. एका बाईंच्या भाजलेल्या मानेचं होतं. डॉ. नाईक टाके घालता घालता म्हणाले, "पुडा पचला का?" मी म्हणालो, माहीत नाही. "पुढच्या वर्षी आलो तर पहिली तिलाच घेऊ," ते म्हणाले. त्यांनीही मनातून ती केस सोडली होती. मी घड्याळाकडे बघत नव्हतो असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिचा हात असाच राहिला, तर तिच्या आईला मी काय सांगणार होतो? की मी तुमच्या मुलीचा मान राखला?

बाईंना शुद्धीवर आणून बाहेर सोडलं, तेव्हा कांबळे सिस्टर दारात होत्या. "सर, तुमची ती पुडावाली बोलावतीय. मला सांगत नाही. म्हणते, भुलीच्या सरांनाच सांगायचंय."

मी गेलो. स्टुलावर बसलो. आई आपणहून बाजूला झाली होती.

"सर," राधिका म्हणाली, "म्या काय खाल्लं न्हाय."

"बिस्किटं?"

"न्हाय. काकीनं दिलीच न्हायत."

"पाणी?"

"त्ये बी न्हाय." आणि मग, जराशा रागानं, "लई भूक लागलीय. लवकर करा."

आजवर मला मिळालेल्या रुकारांपैकी इतका स्पष्ट दुसरा कुठला आठवत नाही. त्यात मान हलली नव्हती.

तरीही मी उरलेला वेळ पूर्ण होऊ दिला. मधल्या काळात साखरेची सलाईन लावली, भुकेचा त्रास कमी व्हावा म्हणून. डॉ. नाईक म्हणाले, आता तर ती कबूल करतेय, कशासाठी थांबायचं? मी म्हणालो, माझा तिच्यावर विश्वास आहे, पण भूल पोटाला द्यायची आहे, आणि पोटाला मी काही विचारलेलं नाही. ते हसले आणि चहा प्यायला गेले. त्या दिवशीची त्यांची गाडी चुकली. ते रात्री उशिरा कुणाच्या तरी कारनं निघाले.

टेबलावर मी तिला मास्क दाखवला. त्याला प्लास्टिकसारखा वास येईल, मग डोकं हलकं वाटेल, असं सांगितलं. नको वाटलं तर हात वर कर, मी काढीन, असंही सांगितलं. हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होतो, त्यामुळे जरा अडखळलो. तिनं डाव्या हातानं मास्क माझ्याकडून घेतला आणि स्वतःच नाकावर धरला. कुणालाही तिला धरावं लागलं नाही. हात हळूहळू सैल झाला तेव्हा मी तो मास्कसकट धरला.

ऑपरेशन ठीक झालं. तीन बोटं चांगली उघडली. करंगळी पूर्ण सरळ झाली नाही आणि आता होणारही नाही. टाके काढायला ती आली तेव्हा आज्जा बरोबर होते. तिच्या खांद्यावर हात ठेवून वॉर्डात आले आणि पहिला प्रश्न मलाच विचारला, की पोरीनं काही खाल्लंय का, कारण सकाळपासून ती म्हणते न्हाय, आणि तिचं काही खरं नसतं. व्यायाम करताना ती सिस्टरला मोजून शिव्या देते, असं कळलं. आता पेन धरते. अक्षर वाईट आहे.

त्यानंतर मी मुलांना विचारण्याची पद्धत बदलली. आईवडिलांना बाहेर पाठवतो, स्टूल ओढून बसतो, आणि नाही म्हणालं तरी चालेल हे आधी सांगतो. यादी उशिरा संपते. सर्जन कुरकुर करतात. शिवाय काही मुलं खरोखरच नाही म्हणतात, आणि मग दिवसभराचं गणित बिघडतं. तातडीचं ऑपरेशन असेल तर त्यांचं नाही ऐकूनही करावं लागतं. तेव्हा मी त्यांना विचारत नाही, फक्त सांगतो. ज्याचं उत्तर आपण मानणार नाही, तो प्रश्न लेकराला विचारू नये. एवढं पाळलं तरी त्या दोन शब्दांतला फरक बराचसा कळतो.